आधी तू खा

"थुंक. आधी थुंक म्हणते ना!"

आईनं ताट असं ओढलं की वरण भिंतीवर उडालं. पोरीच्या तोंडात घास तसाच. तिला गिळता येईना, थुंकता येईना. आईनं तिची मान धरली, बेसिनपाशी नेली, नळ सोडला आणि बोटं घालून तिच्या तोंडातला भात बाहेर काढला. सतरा वर्षांची पोरगी. कितीतरी दिवसांनी भाताला तोंड लावलं होतं तिनं. उमासे यायला लागले तिला, तरी आईची बोटं आतच.

मी पलंगावर तशीच बसलेली. माझ्या बोटांना तेच वरण, तोच भात. माझा गुन्हा एवढाच की त्या ताटातला पहिला घास मी खाल्ला होता. हातानं.

आई वळली. हात ओले, पदर ओला.

"तुम्हाला काही कळतं का? आमच्या पोरीला तुमचं उष्टं?"

तुमचं. हे मी बी कधीकाळी पेशंट होते म्हणून नव्हतं. पेशंट तर त्यांची पोरगी बी होतीच. त्या एका शब्दात माझं गाव होतं, गावातली माझी वस्ती होती, माझा आजा-पणजा होता. मला ते कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. लहानपणापासून कळतं ते आम्हाला.

बाप दारात येऊन उभा राहिला. पाटबंधारे खात्यात साहेब. आवाज चढवला नाय त्यांनी. शिकलेली माणसं आवाज चढवत नायत.

"तुम्ही निघा आता. मी तुमच्या ऑफिसशी बोलतो."

मी उठले. हात धुवायला बेसिनकडं जावं तर आई आडवी उभी. तसेच खरकटे हात घेऊन मी बाहेर आले. जाताना बघितलं, आईनं ते ताट घासायच्या भांड्यांत टाकलं नाय. मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवलं, नालीपाशी. आत पोरगी म्हणत होती, "ताई, जाऊ नको ना." पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत सगळ्या गेटांवर पाट्या, सगळ्या पाट्यांवर कुणाच्या तरी आईवडिलांच्या आशीर्वादाचं नाव. मी कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडं पाणी मागून हात धुतले. त्यानं काय विचारलं नाय.

मी सोबती आहे. आमच्या संस्थेत हे पदच आहे. डोक्याचं दुखणं ज्यांनी स्वतः काढलंय, त्यातून जे बाहेर आलेत, त्यांना शिकवून तयार करतात आणि आजारी पोरापोरींकडं, त्यांच्या घरच्यांकडं पाठवतात. डॉक्टर गोळी देतो. समुपदेशनवाल्या मॅडम बोलतात. मी बसते. पोरीजवळ बसायचं, तिच्या आईबापाजवळ बसायचं. मला बी हे झालं होतं आणि मी अजून आहे, एवढं त्यांना डोळ्यानं दिसू द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

मला विसाव्या वर्षी झालं. पिशोरहून शहरात कॉलेजला आले होते, होस्टेलात राहायची. भिंतीतून माणसं बोलायची. माझ्याबद्दलच बोलायची, घाण घाण बोलायची. मग मी अन्न सोडलं, कारण मला पक्कं वाटायचं की अन्नात कुणीतरी काहीतरी घातलंय. माझी माय एसटीनं डबा घेऊन यायची, मी तो तिच्यासमोर नालीत ओतायची. लोकाच्या शेतात निंदायला जाणारी बाई ती. दिवसाची रोजी बुडवून यायची. रिकामा डबा पिशवीत घालायची आणि माघारी जायची.

शेवटी दवाखान्यात ठेवलं. तिथं शेजारच्या खाटेवर शमीमआपा होती. ती बी पेशंटच. एक दिवस ती उठून माझ्या खाटेवर बसली, माझ्या ताटातला तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला आणि आ करून तोंड उघडून मला दाखवलं.

"देख. मैं खाई. मरी क्या? नै मरी ना? अब तू खा."

मी खाल्लं. रोज ती आधी खायची, मग मी. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. नंतर मी सोबतीचं ट्रेनिंग घेतलं तेव्हा ही गोष्ट सांगितली, तर ऑफिसच्या मोठ्या मॅडमना ती एवढी आवडली की त्यांनी फळ्यावर लिहिली. 'सोबत जेवण' असं नाव बी दिलं. जे पोरगं अन्नावर संशय घेतं त्याच्या ताटातला पहिला घास सोबतीनं खायचा. आमच्या कामाची ती रीतच झाली. म्हणजे ऋतुजाच्या ताटातला घास मी काही लाडात येऊन खाल्ला नव्हता. माझं कामच होतं ते.

ऋतुजा त्या पोरीचं नाव. डॉक्टर व्हायच्या परीक्षेचा क्लास लावला होता. क्लासला जाता जाता एक दिवस रस्त्यातूनच परत आली आणि मग गेलीच नाय. समोरच्या गच्चीवर माणसं उभी राहून तिच्याबद्दल बोलतात म्हणायची. खिडकीला चादर लावलेली. आणि जेवणात काहीतरी टाकतात म्हणायची. बिस्कीटचा बंद पुडा स्वतः फोडून खायची, तेवढंच. गालाची हाडं वर आली होती.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बापानं चांगलं स्वागत केलं. चहा आला. मग विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"पिशोर."

"अरे वा! आमच्या साडूचं गाव. पिशोरात कुठं?"

आडनाव विचारत नायत आता. वाईट दिसतं ना ते. मग गाव विचारतात, गावातली गल्ली विचारतात आणि गल्लीवरून माणसाला बरोब्बर त्याच्या जागेवर नेऊन बसवतात.

"बुद्धविहाराजवळ," मी म्हटलं.

"अच्छा. अच्छा अच्छा," ते म्हणाले आणि पंख्याकडं बघायला लागले. चहा तर पिऊन झाला होता माझा, आता काय करणार बिचारे! आईनं कप उचलला तो दोन बोटांत.

तरी मी जात राहिले. ऋतुजा आधी पाठ करून झोपायची. मग माझ्याकडं तोंड करून झोपायला लागली. मग एक दिवस उठून बसली आणि तिनं मला विचारलं, "ताई, तुला आवाज मराठीत यायचे का हिंदीत?"

"मराठीत. शिव्या मात्र हिंदीत."

ती हसली. त्या घरात ती हसल्याला किती दिवस झाले असतील, देव जाणे. "मला इंग्लिशमध्ये येतात," ती म्हणाली, "आणि त्यांची ग्रामर चुकते." मग आम्ही दोघी हसलो. त्याच दुपारी ती म्हणाली, जेवते. पण आधी तू खा. आणि मग ते सगळं झालं, ताट, नळ, आईची बोटं.

ऑफिसात मॅडमनी मला बसवलं. पाणी दिलं. मॅडम चांगल्या घरच्या, मऊ बोलणाऱ्या, सुती साड्या नेसणाऱ्या. भाषणात बाबासाहेबांचं नाव घेतात.

"तू चुकलीस असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण आपण समोरच्याचं कल्चर समजून घ्यायला हवं ना? थोडी सेन्सिटिव्हिटी ठेवायला हवी."

मी ठेवायची! ज्यांनी पोरीच्या घशात बोटं घातली त्यांनी नाय, मी. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की समोरचा पाण्याचा ग्लास मला दिसेना. पण मी गप्प बसले. मॅडमनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मला खूण केली.

"सॉरी काकू. चुकलं माझं."

काय चुकलं ते मी सांगितलं नाय आणि कुणी विचारलं बी नाय. पलीकडून काकू म्हणाल्या, "असू द्या, पुन्हा नका करू." मी कामून म्हणाले सॉरी? भ्याले म्हणून. हे काम गेलं तर दवाखान्याचे कागद असलेल्या बाईला पुन्हा कोण कामावर घेणार, हे डोक्यात होतं. घरी पडेगावला बसनं आले आणि खोलीचं दार लावून भिंतीला लाथा मारल्या. घरमालकीण खालून ओरडली, काय करू राहिली गं? मी म्हटलं, झाडू राहिले.

पुढच्याच आठवड्यात त्यांचाच फोन. ऋतुजानं पुन्हा जेवण सोडलं होतं. बिस्कीट बी सोडलं होतं. दुसरी सोबती पाठवली, आडनावानं चालणारी, तर पोरीनं तिच्याकडं तोंडच केलं नाय. तिला तीच ताई पाहिजे. मॅडम मला म्हणाल्या, "बघ, तुझाच विजय झाला." मला त्या घराची पायरी चढायची नव्हती. पण डोळ्यासमोर पोरीच्या गालाची हाडं येत होती. मी गेले.

दारातच काकू उभ्या. हातात चमचा.

"तुम्ही यानं खात जा. हात नका लावू. ऋतूला हायजीनचं लई टेन्शन येतं ना, म्हणून."

हायजीन! ऋतुजाला त्याचं कसलं टेन्शन येत नव्हतं, ते मला माहीत होतं, काकूंना माहीत होतं. तो चमचा त्यांनी माझ्यापुरता वेगळा काढला होता. माझं झालं की तो आत जायचा नाय, बाहेरच्या मोरीच्या कोनाड्यात साबणाच्या वडीशेजारी पडून राहायचा. दुसऱ्या दिवशी मी यायची तेव्हा काकू तो खळाळून मला द्यायच्या.

मी खाल्लं त्या चमच्यानं. लोकं मला विचारतात, कसं गं खाल्लंस? तुम्ही ती पोरगी पाहिली नाय. मी एक चमचा वरणभात खायची, आ करून दाखवायची. मग ती माझ्या डोळ्यात बघून विचारायची, "ताई, यात काही नाही ना?"

"काय नाय."

"शप्पथ?"

"माझ्या मायची शप्पथ."

मग ती जेवायची. दोन घास, चार घास, मग अर्धं ताट. काकू पातेलं घेऊन यायच्या, "घे गं अजून थोडं वरण," म्हणत वरून वाढायच्या. बापाला बरं वाटायचं. तो आता मला बघून मान हलवायचा.

गोळीचं काय, ते बी सांगते. डॉक्टरनं गोळी लिहून दिली होती, ऋतुजा घेत नव्हती. माझं गोळीशी वैर नाय. मी रोज घेते, त्याच्याच जोरावर उभी आहे. एक दिवस मी माझं पाकीटच तिच्या हातात दिलं. तिनं उलटंपालटं करून वाचलं. "हिनं लठ्ठ होतं ना?" "होतं. मी झाले." "झोप येते?" "पहिल्यांदी लई येते. मग कमी होतं." "आवाज जातात?" "माझे गेले. एखादा येतो कधीमधी, पण तो आता पाहुण्यासारखा येतो आणि जातो." ती विचार करत बसली. मग म्हणाली, "मला सांगतेस ना सगळं, बरं वाटतं. मी ठरवते." एवढ्यावर आलो होतो आम्ही. पोरगी स्वतःच्या पायानं गोळीपर्यंत आली होती. अजून थोडा दम धरायला पाहिजे होता, बस.

आणि मग त्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघराच्या दारात बोलावलं. आत नाय, दारात. खुशीत होत्या. पोरीनं आंघोळ केली होती, केस विंचरले होते.

"तुमचे लई उपकार झाले बघा," काकू म्हणाल्या. "आधी दुधात घालून बघितलं, भाजीत घालून बघितलं, पोरगी वास घ्यायची अन् सरकवून द्यायची. आता तुमचा घास झाला की ती बघतच नाही. मग मी वरचं वरण वाढते ना, त्यातच थेंब."

"कसले थेंब?"

"औषधाचे! पातळ औषध मिळतं ना, चव नसते त्याला." देवघरातल्या गंगेच्या गडूमागून त्यांनी बाटली काढून दाखवली. "तुम्हाला सांगितलं नाही का? तुमच्या मॅडमनीच तर सुचवलं. म्हणाल्या, सोबत जेवण चालू आहेच, तर त्याचा उपयोग करून घ्या."

 मी दाराची चौकट धरली. काकूंनी चौकटीवरच्या माझ्या हाताकडं बघितलं.

ती पोरगी पहिल्या दिवसापासून काय म्हणत होती? जेवणात काहीतरी टाकतात. सगळे म्हणाले, भ्रम आहे. डॉक्टर म्हणाले, बाप म्हणाला, मॅडम म्हणाल्या. मी बी म्हणाले, मायची शप्पथ घेऊन म्हणाले. आणि घरात रोज टाकत होते! त्या अख्ख्या घरात एकटी ऋतुजा खरं बोलत होती. तिचं दुखणं आम्ही सगळ्यांनी मिळून खरं करून ठेवलं होतं. उद्या तिला हे कळलं असतं तर तिनं जन्मात कुणाच्या हातचं खाल्लं नसतं, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नसता. आणि हे कळतंच. आज ना उद्या कळतंच.

आणि मी काय होते त्यात? कोंबडं धरायला पुढं दाणे टाकतात, तसं मला पुढं टाकलं होतं. माझा हात ताटाला लागला तर विटाळ होत होता. पण माझा घास कामाला येत होता. माझं उष्टं पोरीच्या तोंडातून बोटांनी काढणारी बाई त्याच उष्ट्याच्या आडून औषध पाजत होती, आणि माझेच उपकार मानत होती.

काकूंचा जीव मला कळत नाय असं समजू नका. पोरगी डोळ्यासमोर वाळत चालली की आई काय बी करते. माझी माय रिकामा डबा घेऊन कशी परत जायची ते मी विसरले नाय. पण माझ्या मायनं मला कधी फसवून खाऊ घातलं नाय. मी फेकत होते आणि ती पुन्हा आणत होती.

मी तिथून थेट ऑफिसला गेले. मॅडमना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"शांत हो आधी."

"माहीत होतं का, एवढं सांगा."

"अगं, रिझल्ट बघ ना! पोरगी जेवतेय, झोपतेय. तिच्या भल्याचंच आहे. कधीकधी थोडं लवचीक व्हावं लागतं."

"मग मला कामून नाय सांगितलं?"

"तुला जमलं नसतं. तुझा चेहरा लगेच बोलतो."

म्हणजे माझा चेहरा बी वापरला. माझा आवाज चढला. मी म्हटलं, तिनं मला विचारलं, मी शप्पथ घेतली. उद्या जाऊन तिला खरं सांगणार. बाहेर टायपिंग करणारा पोरगा थांबला. मॅडम खुर्चीत मागं टेकल्या, चष्मा काढला आणि लई मायेनं मला विचारलं,

"तुझ्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?"

हा प्रश्न आमच्यासाठी राखून ठेवलेला आहे. ऑफिसात क्लार्क चिडला तर लोक म्हणतात, कामाचा ताण आहे. ड्रायव्हर चिडला तर म्हणतात, ट्रॅफिक लई असतं. सोबती चिडली की तिची गोळी चुकली. मग तिनं काय सांगितलं ते ऐकायची गरजच राहत नाय. वस्तीत वाढले तेव्हा जातीनं गप्प केलं, इथं आले तर दुखण्यानं. मी तशी लई ठिकाणी गप्प बसलेय. शाळेत पाण्याच्या हंड्यापाशी बसले, होस्टेलात बसले, फोनच्या स्पीकरपुढं बी बसले. त्या वेळी मला एक गोष्ट लख्ख दिसली. मी गप्प बसते तेव्हाच ह्यांना मी बरी झालेली वाटते.

"गोळी सकाळीच घेतली," मी म्हटलं. "डोकं एकदम जागेवर आहे. उद्या सांगणार तिला."

"हा माझा निर्णय आहे, तुझा नाही. तू सांगायचं नाहीस."

मी निघून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. काकूंनी चमचा खळाळून दिला. त्यांना फोन गेला नसावा, किंवा मॅडमना वाटलं असेल की ही काय बोलणार. ताट आलं. ऋतुजा मांडी घालून बसली होती, केसांना तेल लावलेलं. काकू पातेलं घेऊन दारात.

"आधी तू खा," ऋतुजा म्हणाली.

मी चमचा खाली ठेवला.

"मी नाय खाणार, ऋतुजा. मी खाल्लं की तुझ्या वरणात औषधाचे थेंब पडतात. मला कालच कळलं. मी तुला शप्पथ घेऊन खोटं सांगितलं. मला माहीत नव्हतं, पण सांगितलं मीच."

काकूंच्या हातातलं पातेलं तिथंच आदळलं. "अगं बाई! काय बोलू राहिली ही? अहो, इकडं या!" बाप धावत आला. त्याला कळायला वेळ लागला नाय. आज मात्र आवाज चढला साहेबांचा.

"घरात घेतलं हीच चूक. शेवटी जात दाखवलीच!"

"व्हय," मी म्हटलं. "दाखवली. नीट बघून घ्या. खोटं खाऊ न घालणारी जात आहे ती."

"वेडी आहे ही! वेडीला पोरीच्या खोलीत बसवलं आपण!"

"मग तुमच्या पोरीला काय म्हणता?"

  ऋतुजा ह्या सगळ्यात ताटाकडं बघत बसली होती. मग तिनं मान वर केली आणि काही कळायच्या आत माझ्या थोबाडीत मारली. जोरात मारली. कानात गुंई आवाज आला.

"तू पण," ती म्हणाली. "तू पण त्यांच्यातलीच."

मी गाल धरला नाय. तिचा हक्क होता तो.

मग ती आईकडं वळली. "बाटली आण."

"अगं राणी, ऐक..."

"बाटली आण म्हटलं."

आईनं आणून दिली. तिनं वाचली. किती थेंब, कधीपासून, विचारलं. आईनं रडत रडत सांगितलं. ऋतुजा रडली नाय. म्हणाली, "सगळे बाहेर जा. ताई पण." आणि आतून कडी लावली. बाटली आतच.

अख्खी बाटली प्याली तर? बाप मला गेटकडं ढकलायला लागला, मी पोरीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. म्हटलं, पोलीस बोलवा, उचलून न्या, पण ती आतून बोलेपर्यंत मी हलणार नाय. काकूंना म्हटलं, रडू नका, तिच्याशी बोला. काय बोलू? म्हटलं, खरं बोला. काकू दाराला तोंड लावून म्हणाल्या, "ऋतू, मी घाबरले होते गं. म्हणून टाकलं. मी टाकलं."  मी दार वाजवत होते, नावानं हाक मारत होते. बाप दार तोडायला पहार शोधायला गेला. मग आतून आवाज आला. सरळ, कोरडा.

"मी ठीक आहे. मला डॉक्टरशी बोलायचंय. मी बोलणार, तुम्ही कुणी नाही. आणि औषध घ्यायचं का नाही ते मला विचारायचं."

बाटली तिनं खिडकीतून अंगणात टाकली. फुटली ती. मी उठले आणि चालायला लागले. कुणी अडवलं नाय.

मी ह्याची गोड गोष्ट करून सांगणार नाय. ऋतुजा त्या दिवसानंतर माझ्याशी एक शब्द बोललेली नाय. ती जेवते का, औषध घेते का, मला माहीत नाय. मला ते विचारायचा हक्क बी उरला नाय. तिच्या मनात मी त्यांच्यातलीच असेन, तर ते तिचं खरं आहे. मला त्याचा त्रास होतो. लई होतो. पण पुन्हा तीच दुपार आली तर मी पुन्हा चमचा खालीच ठेवीन.

बापानं वरपर्यंत तक्रार केली. मॅडमनी मला बोलावलं. आता पाणी नाय दिलं. टाईप केलेला कागद पुढं सरकवला, खाली माझ्या सहीची जागा सोडलेली. मी, अमुक अमुक, प्रकृतीच्या कारणास्तव सोबती पदाचा राजीनामा देत आहे.

प्रकृतीच्या कारणास्तव!

"हे तुझ्यासाठीच बरं आहे," मॅडम म्हणाल्या. "शोभेल असं बाहेर पडता येईल. आरामाची गरज आहे तुला."

"माझी प्रकृती ठणठणीत आहे," मी म्हटलं. "काढायचं तर काढा. पण कारण खरं लिहा. पोरीला तिच्या ताटात काय पडतं ते सांगितलं, म्हणून काढलं. लिहा आणि खाली तुमची सही करा. मी आत्ता जाते."

त्यांनी लिहिलं नाय. अजून लिहिलेलं नाय. मला नवीन घरं देणं बंद केलं, मीटिंगला बोलावणं बंद केलं, माझी खुर्ची गोडाऊनच्या खोलीत नेऊन टाकली. मी रोज जाते. त्याच खुर्चीत बसते. बाकीच्या सोबत्यांना मी हे सगळं सांगितलं, एकेकाला, नाव न लपवता. काही जण मला टाळतात. पण दोघीतिघींनी आपापल्या घरी जाऊन विचारलंय, तुम्ही पोराला न सांगता काही घालता का? आणि मॅडमना ते कळलंय.

आता पडेगावला माझ्या खोलीवरच लोक यायला लागलेत. कुणाची भाची, कुणाचा पोरगा. घरी चल म्हणतात. मी जाते. पण आता दारातच सांगते. पिशोर माझं गाव, बुद्धविहाराजवळ आमचं घर. मला हे दुखणं झालं होतं, मी गोळी घेते. तुमचं पोरगं मला जे विचारील ते मी त्याला खरं सांगणार, तुमच्या देखत बी आणि तुमच्या माघारी बी. चालत असेल तर चपला काढते. चालत नसेल तर आत्ताच सांगा, मी निघाले.